आमची हरकत आहे

आमच्या घरी दिवाळी येते ती चकल्यांच्या वासाने नव्हे, माळ्यावरच्या धुळीने. अनारशांचे तांदूळ भिजायच्या किती तरी आधी पत्नी मला शिडीवर चढवते आणि 'हे हवे का? हे टाकायचे का?' असे विचारीत चाळीस वर्षांचा संसार माझ्याकडून खाली उतरवून घेते. यंदा त्या पसाऱ्यात एक निळी फाईल निघाली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'हरकत – समोरचे घर – २०१२' असे लिहिलेले होते. ती कोणत्या ढिगात टाकायची हे मला चटकन ठरवता येईना. म्हणून शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ती वाचू लागलो आणि त्या दिवशीची साफसफाई तिथेच थांबली.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आमच्या शहराची नोटीस आली होती. साड्यांच्या आणि सोन्याच्या जाहिरातींच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. शहराची विकास योजना सुधारायला घेतली आहे, प्रारूप नकाशे कार्यालयात पाहावयास ठेवले आहेत, ज्या कुणाला हरकत घ्यावयाची वा सूचना करावयाची असेल त्याने ती मुदतीच्या आत लेखी करावी. आमच्या वसाहतीतल्या रस्त्यावर घरांबरोबर दुकाने, दवाखाने, शिकवण्या यांनाही मुभा द्यावी असे या प्रारूपात सुचवले आहे. वसाहतीचे चिटणीस नोटिशीचे कात्रण घेऊनच आले. "सर, कोपऱ्यावरच्या बंगल्यात अभ्यासिका काढायचं चाललंय. शंभर पोरं, शंभर गाड्या. आपली हरकत गेलीच पाहिजे. मसुदा तुम्हीच करा. मागचा तुमचा अर्ज कसा बिनतोड होता!"

बिनतोड होता यात शंका नाही. तीस वर्षे मराठी शिकवून जे काही हाती लागले होते ते सगळे मी त्यात ओतले होते.

समोरच्या घरात एक वहिनी राहात. त्यांचे यजमान माझे स्नेही. २००९ साली ते अचानक गेले. पदरी दोन शिकती मुले, खासगी नोकरी असल्यामुळे निवृत्तिवेतन नाही. वर्षभराने वहिनींनी घरात पोळीभाजीचे डबे करायला सुरुवात केली. आरंभी दहा डबे होते. पत्नी इस्पितळात होती तेव्हा महिनाभर मीही त्यांतलाच एक डबा खाल्ला, आणि मेथीची इतकी साधी भाजी इतकी चवदार कशी होते याचे मला नवल वाटत असे. पुढे डबे साठ झाले. हाताखाली दोन बायका आल्या. पहाटे पाचला फोडणी पडू लागली आणि आमच्या निजण्याच्या खोलीसमोर धूर बाहेर फेकणारा एक पंखा बसला. मला दम्याची खोड आहे. मिरचीचा खाट खिडकीतून आला की, माझी सकाळ खोकण्यात जाई. शिवाय डबे नेणाऱ्या पोरांच्या दुचाक्या फाटकाशी आडव्या उभ्या राहात. तेव्हा मला त्रास होत नव्हता असे मी आजही म्हणणार नाही.

वसाहतीची सभा भरली, तक्रार गेली, वहिनींना नोटीस आली. मग त्यांनी वापरबदलाच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला आणि त्या अर्जावर आम्ही हरकत घेतली. फाईल पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले ते असे, की माझ्या तीन पानी मसुद्यात त्या पंख्याचा उल्लेख एकदाही नाही. निवासी विभाग, मंजूर नकाशाचा भंग, अनधिकृत वाणिज्य वापर, रस्त्याची अपुरी रुंदी, वाहनतळाचा अभाव – हे सगळे आहे. पंखा नाही. कारण एका जाणत्या गृहस्थाने मला समजावून दिले होते, की धुराने अर्ज अडत नाही, रुंदीने अडतो. त्याप्रमाणे रस्ता नियमाला दीड मीटर कमी पडला, अर्ज फेटाळला गेला, आणि वसाहतीच्या पुढच्या सभेत माझे अभिनंदन झाले.

त्या रस्त्याच्या एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत बारा पावले होतात. 'वहिनी, तो पंखा तेवढा दुसरीकडे बसवता येईल का?' हे एक वाक्य घेऊन ती बारा पावले मी कधी चाललो नाही. कार्यालयात मात्र सात खेपा घातल्या.

कुंपणाच्या आत मी मालक आहे, हे कोणालाही पटते. पण कुंपणाबाहेर माझा हक्क कुठवर पोचतो? समोरच्या घरात कोणती चूल पेटावी, तिथे कोणी राहावे, कोणी शिकावे, हे मला विचारलेच का जावे? आणि विचारले, तर मी कशाच्या आधारावर उत्तर द्यावे? नोटिशीतले 'हरकत' हे साधे अक्षर या सगळ्या प्रश्नांवर बेतलेले आहे.

आधुनिक शहरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे विभागणी. राहण्याची जागा एकीकडे, बाजार एकीकडे, कारखाने एकीकडे. नकाशावर पिवळा, निळा, जांभळा रंग. न्यूयॉर्कने १९१६ साली सगळ्या शहरासाठी असा कायदा केला. उंच इमारती खालच्या रस्त्यांवरचे ऊन गिळू लागल्या होत्या हे त्याचे एक मोठे कारण. दहा वर्षांनी ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाचा असाच कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि टिकला. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी त्यात डुकराचा दाखला दिला आहे. गोठ्याच्या अंगणात डुक्कर असले तर त्यात वावगे काही नाही. दिवाणखान्यात आले तर उपद्रव. म्हणजे वस्तू वाईट नसते, जागा चुकलेली असते. दाखला मोठा बोलका आहे. पण त्याच निकालात पुढे, बंगल्यांच्या वस्तीत शिरणाऱ्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींना बांडगुळांच्या पंगतीला बसवले आहे, आणि तिथे मी थबकतो. डुकरापासून भाडेकरूपर्यंतचा प्रवास अवघ्या काही पानांत झाला!

वस्तूंची विभागणी करता करता माणसांची विभागणी कधी होते, ते विभागणी करणाऱ्याला कळतच नाही, असे म्हणावे, की चांगले कळते असे म्हणावे? १९१७ साली त्याच न्यायालयापुढे लुइव्हिल शहराचा एक ठराव आला होता. ज्या गल्लीत गोऱ्यांची घरे जास्त तिथे काळ्यांनी राहायला जायचे नाही, आणि काळ्यांची जास्त तिथे गोऱ्यांनी, असा तो समतेचा आव आणणारा कायदा. न्यायालयाने तो रद्द केला. तोही मुख्यतः घर विकणाऱ्या मालकाच्या हक्काला बाध येतो म्हणून. त्याच वर्षी इकडे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. बडोद्याला त्यासाठी कोणत्या रंगीत नकाशाची गरज पडली नाही. आपल्या गावांना वेस होती आणि वेशीबाहेर कोणी राहायचे हे कागदावर न लिहिताच सर्वांना पाठ होते. ज्या समाजाने ही विभागणी शतकानुशतके केली, त्याच्या हाती हरकतीचा छापील अर्ज देताना थोडी धास्ती वाटावी हे बरे.

माझी हरकत त्या जातीची होती असे मी म्हणत नाही. परंतु २०१२ च्या त्या सभेत धुराविषयी जेवढे बोलले गेले त्याहून अधिक, 'आपली वसाहत तसली नाही' हे वाक्य बोलले गेले. 'तसली' म्हणजे कसली, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग नियम मोडीत काढावेत की काय? ज्याला जे हवे ते त्याने करावे? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे गेली. जी जागा ज्या कामासाठी नव्हती तिथे ते काम, आणि सुटकेच्या वाटांची हेळसांड. अशा वेळी नियम म्हणजे कोणाची चैन नसते. आणि हरकतीचा हक्कही काही केवळ कुरकुऱ्या म्हाताऱ्यांसाठी ठेवलेला नाही. २०१५ साली मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांनी नकाशावर आपापली गल्ली शोधली, उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते आणि गाळलेल्या जुन्या वास्तू शोधून काढल्या आणि हजारोंनी हरकती घेतल्या. सरकारला तो आराखडा पुन्हा करायला लावावा लागला. ते लोक हरकत न घेते, तर त्या चुकाच पुढे कायदा झाल्या असत्या.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात मला फार आवडणारे एक कलम आहे. बांधकामाच्या परवानगीचा अर्ज केल्यावर साठ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे. 'मौनं सम्मतिलक्षणम्' हे कायद्याने असे लिहून ठेवले आहे! अर्थात जे बांधकाम मुळातच नियमाबाहेरचे त्याला या मौनाचा उपयोग नाही. तरी पण कार्यालयाच्या गप्प बसण्याचा भार अर्जदाराने का वाहावा, हा त्यामागचा विचार मोठा सभ्य आहे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे सोडून बाकी महाराष्ट्राला एकच एकत्रित नियमावली लागू झाली. तीतही दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडावर घर बांधणाऱ्याला परवानगीसाठी तिष्ठत राहावे लागू नये अशी सोय केली आहे. हे चांगलेच झाले. मात्र त्याच नियमावलीत ठराविक अधिमूल्य भरले की वाढीव चटई क्षेत्रही मिळते. समोरच्यांच्या उजेडाला, हवेला जपण्यासाठी जर मर्यादा घातली होती, तर ती पैसे भरल्याने कशी हलते? समोरच्यांचा उजेड होता, तर पैसे सरकारच्या तिजोरीत कसे? रस्ते, गटारे यांना पैसा लागतो हे मला समजते. तरी हा व्यवहार मला अजून पचलेला नाही.

याचा पडताळा मला दारातच आला. परवानगी नाकारल्यावर वहिनींनी डबे बंद केले आणि दोन वर्षांनी घर विकले. तिथे आता चार मजली इमारत आहे. सगळे निवासी, सगळे मंजूर, सामासिक अंतरे नियमाप्रमाणे. हरकत घ्यायला कुठे जागाच नव्हती. डब्यांच्या चार दुचाक्यांनी अडणारा आमचा रस्ता आता बारा मोटारींनी अडत नाही. कारण त्या निवासी मोटारी आहेत. माझ्या खिडकीत ऊन येत नाही, पण न येणारे ऊनही नियमातलेच आहे.

दोष कुठे, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्या अर्जातले रकानेच एका विशिष्ट तऱ्हेने विचारतात: हे काय आहे? घर की खाणावळ, शाळा की गिरणी? यामुळे शेजाऱ्याला काय होते, हा प्रश्न त्यात मागे राहातो. धूर किती, आवाज किती, किती वाजता, गाड्या किती, या गोष्टी मोजता येतात आणि मोजल्या की त्यांवर उपायही निघतो. धुराडे उंच करता येते, वेळ बदलता येते. पण 'खाणावळ' या शब्दावर उपाय नाही. तो शब्द एकदा लागला की माणसाने उठून जायचे. आणि आम्हां हरकतदारांनाही हेच सोयीचे पडते. कारण धूर म्हटला की समोर जाऊन बोलावे लागते, त्यांचे ऐकावे लागते. विभाग म्हटला की कागदाने भागते. आणखीही एक गोष्ट. हरकत घेतो तो आधीच इथे राहात असलेला. उद्या ज्या मुली कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत शांतपणे वाचायला बसतील, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांना नोटीस जात नाही, त्यांची सही कुठे लागत नाही. एका बाजूची माणसे हजर आणि दुसऱ्या बाजूची अजून यायचीच, असा हा खटला असतो.

दिवाळीचा अंक आहे म्हणून एका दिवाळीची गोष्ट सांगतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश पंडित १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापकही झाला. होळकर दरबाराने त्याला इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावले होते. त्याचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात प्लेग होता आणि गल्ल्यांतून कचऱ्याचे ढीग. त्याच्या चरित्रकारांनी सांगितले आहे, की त्याने दिवाळीत एक मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले: जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, दुरुस्त केली, रंगवली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती, अस्वच्छतेचा राक्षस होता, आणि झाडूवाले हार घालून मानाने चालत होते. कुणाला नोटीस नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही. अर्थात मिरवणूक एक दिवसाची आणि पाठीशी महाराजांचा अधिकार. उरलेल्या दिवसांना नियमावली लागतेच. तरी आराखडा काढण्याआधी गल्लीगल्लीतून पायी हिंडून, माणसे कशी राहातात ते पाहणारा तो गेडिस मला या निळ्या फायलीपाशी बसून वारंवार आठवला.

शेवटी गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या मुलाजवळ राहातात. त्यांनी चहा केला, पत्नीची चौकशी केली. मी विषय काढला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या अर्जाची प्रत मला मिळाली होती, सर. त्यात सगळीकडे यांचं नाव होतं. 'श्री. अमुक यांनी विनापरवाना खाणावळ चालवली आहे.' यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तुम्ही खांदा दिला होतात."

मिळकतीच्या नोंदीवर नाव त्यांचेच होते. मी नोंद पाहून लिहिले होते. तेवढेच मला सांगता आले.

निघताना मी विचारले, "तेव्हा मी येऊन बोललो असतो, तर पंखा हलवला असतात का?" मला वाटले, त्या हो म्हणतील. त्यांनी खरोखर आठवून पाहिले. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या भिंतीला लावला असता तर मागच्यांच्या देवघरात धूर गेला असता. धुराडं वर न्यायला पैसे नव्हते. पण तुम्ही आला असतात तर निदान तुमच्या खोकल्याचं मला कळलं असतं."

चिटणीस काल पुन्हा येऊन गेले. मुदतीला अकरा दिवस उरले आहेत. नोटिशीत 'हरकती व सूचना' असे दोन्ही शब्द आहेत, पण आमच्या वसाहतीने आजवर सूचना अशी एकही केलेली नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले. शंभर मुले, रात्री अकरापर्यंत जाग, गाड्या – ही अडचण काही खोटी नाही, आणि माझी झोप आता पूर्वीहून हलकी आहे. मसुद्यासाठी कोरा कागद मी काढून ठेवला आहे. पहिल्याच ओळीत कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या मालकाचे नाव घालावे लागेल. ते गेल्या वर्षी राहायला आले. नाव मला माहीत नाही. या खेपेस नोंदीवरून उतरवून घ्यायचे नाही असे ठरवले आहे. पत्नी चकल्यांचा घाणा काढते आहे. संध्याकाळी त्यांतल्या थोड्या ताटात घालून तिकडे जाऊन येतो आणि किती टेबले मांडणार आहेत तेही विचारून येतो.